पाहुणीचं नाव

आमच्या शेडात बुरशीला बुरशी म्हणत नाहीत, पाहुणी म्हणतात. पावसाळ्यात एखादीनं पापडांची थप्पी उचलली आणि मधेच हिरवट ठिपका दिसला, तर ती ओरडायची नाही. शेजारणीच्या कानाशी लागून म्हणायची, "पाहुणी आली गो." मग सेठाणी यायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि आख्खी थप्पी नाल्यात टाकायची. ठिपका एकावर असला तरी वरचे-खालचे सगळे गेलेच म्हणायचे. नाव घेतलं की ती हात धरून घरी येते, असं सेठाणीची सासू सांगायची, आणि आम्ही ते मुकाट पाळायचो. मीसुद्धा पाळायचे, जिला गप्प बसवणं माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात जमलं नाही.

मी तुळशी. राहते बदलापूरला मांजर्लीत, नदीच्या अंगाला. आम्ही आगरी माणसं. मी आणि माझी धाकटी जाऊ सरू, दोघी उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात ईश्वरीबाई या सिंधी सेठाणीकडे पापड लाटायला जायचो. ही गोष्ट पंच्याण्णवच्या पावसाळ्याची, आणि ती सरूची आहे.

सरूचा हात असा, की वाटी ठेवून कापल्यासारखा पापड. आमच्यासारख्या दोघी लाटतील तेवढं ती एकटी लाटायची. पण दीड-दोन वर्षं तिचं नाक बंद होतं. सकाळी उठली की शिंकांचा सपाटा. रात्री तोंड उघडं टाकून झोपायची. नाक शिंकरलं की तपकिरी, चिवट खडे पडायचे. शेडात हिंगाचा डबा उघडला की आमच्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि ही विचारायची, "हिंग घातलं काय गो?"

गल्लीतल्या डॉक्टरनं सर्दीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या एकानं नाकात मास वाढलंय म्हणून चिमट्यानं ओढून काढलं. थोडे महिने बरं गेलं, मग पुन्हा तेच. आणि मग तिचा उजवा डोळा पुढं यायला लागला. आधी मला वाटलं झोप झाली नसेल. नंतर समोरून बघितलं तर कुणालाही कळावं, की एक डोळा आत आहे आणि एक बाहेर निघालाय.

माझी सासू, कमळाबाई, म्हणाली, दृष्ट लागली. तिनं मीठ-मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. आख्खं घर खोकायला लागलं. फक्त जिची दृष्ट काढली तिलाच ठसका नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आई, तिला मिरचीचा धूर कळत नाय, आणि तुम्ही म्हणता दृष्ट?"

"तू डाक्तर हायस काय?" सासू म्हणाली.

"नाय. म्हणून तर डाक्तरकडं नेते."

पण नेलं ते लगेच नाही. सरूच ऐकेना. मग एक दिवस शेडात सेठाणी तिच्या पोळपाटाशी थांबली. आम्हा सगळ्यांना ती अदी, म्हणजे बहीण, म्हणायची. "अदी, ये क्या? पापड बेल रही है या नक्शा?" सगळ्या हसल्या. सरूचा पापड एका बाजूला ओढलेला होता. सरू हसली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "जाऊबाई, मना पोळपाटावर दोन पापड दिसतात. कुठल्यावर लाटणं फिरवू तेच समजत नाय."

मी तसंच लाटणं तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिला घेऊन निघाले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या मालिनी मॅडम. उल्हासनगरात दवाखाना, आणि आठवड्यातून काही दिवस मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. बारीक बाई, आवाज मऊ. त्यांनी नाकात बारीक दुर्बीण घालून पाहिलं, थोडा चिकट मळ तपासायला काढून घेतला आणि कल्याणला स्कॅन करून आणायला सांगितलं. स्कॅनची फिल्म उजेडापुढं धरून त्यांनी आम्हाला दाखवली. गालाच्या, कपाळाच्या, डोळ्याशेजारच्या हाडांत पोकळ्या असतात म्हणे. हिच्या उजव्या बाजूच्या सगळ्या भरल्या होत्या.

"हा घट्ट मळ साठत गेलाय," मॅडम म्हणाल्या. "तो हाडाला ढकलतोय, आणि हाड डोळ्याला. अजून डोळ्याची शीर शाबूत आहे. पण तिच्यावर दाब वाढला तर या डोळ्यानं दिसायचं बंद होईल, आणि मग मी काही करू शकणार नाही. ऑपरेशन लवकर करू. नाकातूनच करायचं, चेहऱ्यावर काप नाही."

"पण हे झालं कशानं?" सरूनं विचारलं.

"बुरशीनं."

इतकं साधं म्हणाल्या, जसं कुणी म्हणावं उन्हानं, पाण्यानं. त्या पुढंही बोलत होत्या, पण सरू खुर्चीवरून उठली होती. पदर तोंडावर धरून ती दाराबाहेर गेली. मी मागं धावले. घरी येईपर्यंत ती माझ्यापासून हातभर लांब चालत होती, आणि मला वाटलं रागावलीय.

रागावली नव्हती. घरी आल्यावर तिनं आपलं ताट-वाटी वेगळी काढली. अंथरूण उचलून बाहेर पडवीत नेलं. तिची मुलगी भिकी, पाच वर्षांची, सवयीनं मांडीवर बसायला आली, तर सरू एकदम मागं सरकली. "तिथंच थांब! उंबऱ्याच्या आत रहा. मना बुरशी लागलीय, तुना लागेल."

पोरीला काय कळणार? ती उंबऱ्यावर उभी राहून रडली. मग रडायची थांबली. मग तिथंच बसून खेळायला शिकली. आई पडवीत आणि पोर उंबऱ्याच्या आत, असा आमच्या घरचा पावसाळा चालला.

सरूनं शेडही सोडलं. सेठाणीला निरोप धाडला की पाय मुरगळलाय. मी खूप बोलले तिला. समजावलं, शिव्या दिल्या, एकदा तर हात धरून ओढत नेत होते.

"ऑपरेशन का नाय करायचं? सांग ना एकदा!"

"जाऊबाई, तुम्ही किती वर्षं पापड लाटता?" ती शांतपणे म्हणाली. "पाहुणी आलेला पापड कुणी धुऊन वाळवलाय काय? नाल्यातच टाकतात. मी माझी बाजूला बसते. बाकीची थप्पी तरी वाचेल."

मी तिथंच पडवीत बसून रडले. मला सहज रडू येत नाही, पण त्या दिवशी आलं.

पदूला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितलं. तो शहाडच्या कारखान्यात पाळीवर जायचा. भला माणूस, पण मऊ. म्हणाला, "वहिनी, तिच्या मनाविरुद्ध कसं नेऊ?" मी म्हटलं, "तिचा डोळा गेल्यावर मनासारखं ने मग!" तो मान खाली घालून कामावर गेला. सासू तर सरूच्याच बाजूची. घरात लहान पोरं आहेत, सांभाळून राहते ते बरंच, असं तिचं म्हणणं. आणि सरू पडवीत बसून एक डोळा हातानं झाकायची, मग दुसरा. मी एकदा पाहिलं. समोर सुपात मिरच्या वाळत होत्या.

"काय करतेस गो?"

"या डोळ्यानं लाल दिसतात. याच्यानं मळकट."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मालिनी मॅडमकडे गेले आणि दारातूनच सुरू झाले. "तुम्ही नाव कनाला घेतलंत? दुसरं काही म्हणायचं होतं! आमच्यात ते नाव घेत नाहीत!"

बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. पाहुणी, थप्पी, नाला, पडवी, भिकी. मग म्हणाल्या, "तुळशीबाई, चूक माझी. मी पुढचं सांगेपर्यंत तिला थांबवायला हवं होतं. ही बुरशी तिला लागलेली नाही. ती हवेतच असते. तिच्या बिया तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या नाकात रोज जातात. आपलं शरीर तिकडं लक्षही देत नाही. शिंकरतो, निघून जाते. सरूचं शरीर मात्र तिला सोडत नाही. भांडतं. त्या भांडणात नाक सुजतं, मास वाढतं, मळ घट्ट होत जातो, वाटा बंद होतात. मग बुरशी आतच अडकते आणि भांडण आणखी वाढतं. याला अ‍ॅलर्जी म्हणतात."

"म्हणजे पाहुणी सगळ्यांकडेच येते, आणि ही एकटीच तिच्याशी उभा दावा मांडून बसते?"

"अगदी तसंच."

"मग हे चुकीच्या जावेला झालं, मॅडम. भांडखोर तर मी आहे."

त्या हसल्या. मी मात्र गंभीर होते. म्हटलं, "तिला हे सांगून पटायचं नाय. ती म्हणेल माझी समजूत काढतायत. पापडवाली बाई डोळ्यानं बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाय. माझ्या नाकातलं काढा आणि तपासा. माझं नाक ठणठणीत आहे."

"निरोगी माणसाचं कोणी तपासत नाही, तुळशीबाई."

"मग तुम्ही तपासा ना!"

त्यांनी मला वाकायला सांगून नाकात मिठाचं पाणी सोडलं आणि खाली बाटली धरली. मला वाटलं बुडून मरते मी. "हे मुंबईला नेऊन काचेच्या बशीत उगवायला लावते," त्या म्हणाल्या. "पण काही उगवलं नाही तर मला बोलायचं नाही." आणि सरूसाठी गोळ्या दिल्या, सूज आवरायला. त्या गोळ्या मी तिच्या आमटीत कुस्करून घालायचे. पाप असेल तर माझ्या माथी.

निरोप आला तेव्हा मी धावतच गेले. मॅडम म्हणाल्या, "तुमच्यातही उगवली. तीच जात."

आता खोटं कशाला बोलू? सगळं समजून उमजून, स्वतःच हट्ट करून तपासायला दिलेलं, तरी नकळत मी नाक पदरानं पुसलं. एवढी वर्षं पाहुणी पाहुणी करून हाडात शिरलेली भीती, ती अशी एका वाक्यानं जाते होय? तेव्हा कळलं मला सरूला काय झालं असेल ते.

"आता तिला घेऊन या," मॅडम म्हणाल्या. "कसंही करून."

घरी जाऊन मी पडवीत तिच्या अंथरुणाच्या कडेला बसले. ती लांब सरकली. मी म्हटलं, "सरकू नको. माझ्याही नाकात निघालीय."

"काय निघालीय?"

"तीच. तुझीच जात."

एवढं बोलले आणि वाटलं, आता सुटेल ती. पण ती कपाळावर हात मारून घ्यायला लागली. "माझ्यामुळं! जाऊबाई, माझ्यामुळं लागली तुम्हाला! एकाच पोळपाटाशी बसायचो ना आपण!" मला तिचे हात धरावे लागले. मी खूप सांगितलं, पण तिला ऐकूच येत नव्हतं. शेवटी म्हणाली, "चला. आत्ता चला. मॅडमना सांगते, माझं राहू द्या, आधी जाऊबाईंचं करा."

जिला स्वतःच्या डोळ्यासाठी कुणी पडवीबाहेर काढू शकलं नाही, ती माझ्या नाकासाठी वाटेत कुठं थांबलीही नाही.

मॅडमनी टेबलावर तीन काचेच्या बशा मांडल्या. झाकण लावलेल्या, कडेनं चिकटपट्टी. तिन्हींत पिवळट हिरवी भुकटी उगवली होती. एकीत जास्त, उरलेल्या दोन्हींत थोडी. सरू वाकून बघायला लागली. पापडवालीची नजर. तिला शिकवायला नको.

"एकच हाय," ती म्हणाली. "तिन्हींत एकच."

"ही तुझी," मॅडमनी दाट बशीवर बोट ठेवलं. "ही तुळशीबाईंची."

"आणि ही?"

"ही माझी."

सरूनं मान वर केली. बाईंनी आपल्या नाकातलंही काढून लावलं होतं, मला न सांगता.

"मी काही तुझ्या पोळपाटाशी बसत नाही, सरू," मॅडम म्हणाल्या. "मला तू नाही दिलीस. जाऊबाईंनाही नाही. ही कुणाची कुणाला लागत नाही."

सरू म्हणाली, "तर तुमचा डोळा का नाय आला पुढं?" मॅडमनी तिला सगळं नीट सांगितलं, भांडणाचं. ती एकेक शब्द ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे भिकीच्या नाकात पण असंल?"

"असेल. गावातल्या प्रत्येक पोराच्या."

"आधीपासूनच?"

"आधीपासूनच."

तिनं हात मांडीवर ठेवले. तिची मांडी पावसाळाभर रिकामी होती, हे मला त्या क्षणी असं काही लागलं की मी खिडकीकडे तोंड केलं. मग तिचा आवाज आला, "ऑपरेशन कधी करायचं, मॅडम?"

ऑपरेशन मुंबईला झालं. दुर्बिणीतून बघत बघत त्यांनी सगळ्या पोकळ्या मोकळ्या केल्या. मला नंतर एका बाटलीत दाखवलं. चिंचेच्या घट्ट कोळासारखं, तपकिरी हिरवट. एवढं सगळं त्या एवढ्याशा तोंडात होतं, आणि आम्ही म्हणत होतो सर्दी.

नाकातल्या पट्ट्या काढल्या त्या दिवशी मी तिच्या खाटेशी होते. डोळा अजून सुजलेला, पण मागं गेला होता. मॅडमनी तिचा डावा डोळा झाकला आणि बोटं दाखवली. सरूनं बरोबर सांगितलं. मग समोरच्या खाटेवरची चादर दाखवली. "रंग?"

"लाल." मग म्हणाली, "पण धुऊन विटल्यासारखा."

"सुधारेल. पण सगळाच परत येईल असं नाही," मॅडम म्हणाल्या. "शिरेवर दाब आलाच होता. अजून थोडा उशीर झाला असता तर हेही दिसलं नसतं."

मग पुढचं सांगितलं. गोळ्या हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद करायच्या नाहीत. रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. घरात भिंतींना ओल राहू द्यायची नाही. दर थोड्या महिन्यांनी दाखवायला यायचं, बरं वाटत असलं तरी. मिठाचं पाणी ऐकून, डबा घेऊन आलेल्या सासूनं नाक मुरडलं. "आमच्या बापजाद्यांची मिठागरं होती. मिठासाठी मुंबई कनाला?"

सरूनं मात्र एकच विचारलं. "आता कायमची गेली ना?"

"तसं नाही सांगता येत. हा आजार परत येतो. पुष्कळदा येतो. पण लवकर कळलं तर डोळ्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही, ते आपल्या हातात आहे."

मला राग आला. मॅडम बाहेर गेल्या तशी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "पोरगी आत्ता कुठं उठून बसलीय. एक दिवस खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"मग ती नाक धुवायची थांबली असती," त्या म्हणाल्या.

दुपारी पदू भिकीला घेऊन आला. कामाचा खाडा करून आला होता. भिकीला नवीन फ्रॉक घातला होता, केसांना तेल चोपडलेलं. वॉर्डाच्या दाराशी येऊन ती थांबली. पदूनं पुढं ढकललं तर त्याच्या मागं लपली.

सरूनं दोन्ही हात पुढं केले. "ये."

पोरगी हलली नाही. दाराखालच्या उंबऱ्यासारख्या पट्टीच्या पलीकडेच, पायाची बोटं बरोबर कडेला लावून उभी. तिला तसंच शिकवलं होतं.

"ये ना गो," मी म्हटलं.

भिकीनं माझ्याकडे पाहिलंच नाही. आईकडे बघत, आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "तुझी बुरशी गेली?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं वळून बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं, हो म्हणायला. एवढ्याशा पोरीला आणखी काय सांगायचं? पण सरू माझ्या आधी बोलली.

"नाय गेली. ती येत-जात राहणार. तू ये."

भिकीनं खाली दाराच्या पट्टीकडे बघितलं. मग आईकडे. मग तिनं पाय उचलला.